रेघ, ठिपका आणि महागाईचा आलेख



व्याख्यानमालेच्या फलकावर आमचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकात काढलेला आलेख बाहेर कसा काढावा आणि कोणत्या रूपात ठेवावा, हा काय चैत्रातल्या संध्याकाळी ऐकावयाचा विषय? आणि तो सांगणार कोण, तर निम्मे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर घोषणा देण्यात घालवलेला एक मनुष्य! दहावीनंतर आम्ही शाळेचे तोंड पाहिले नाही. जे काही शिकलो ते रात्रपाळी संपल्यावर, मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि आमच्यापेक्षा लहान मंडळींकडून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु या विषयाशी आमची गाठ पडली ती हौसेने नव्हे, फजितीने पडली. फजितीतून शिकलेले मनुष्य सहसा विसरत नाही, म्हणून ती हकीकतच आधी सांगतो.

फाटकावरची फजिती

काही वर्षांपूर्वी, २०२० साल उलटून गेल्यावर, एका कारखान्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू होती. मुद्दा महागाई भत्त्याचा होता. कोणाच्या तरी फोनवरून एक आलेख आमच्याकडे आला. त्यात एक रेघ महागाईची आणि एक रेघ पगाराची होती. आम्हाला तो आवडला. फाटकसभेसाठी तो दहा फूट लांब करून टांगावा असे ठरले. फ्लेक्सवाल्याकडे गेलो तेव्हा त्याने पडद्याकडे पाहून मान हलवली. "दादा, हा फोटो आहे. फाटणार. कोरलमध्ये फाइल नाही का?" आम्ही म्हटले, "जे आहे ते छाप."

सकाळी फ्लेक्स टांगला. रेघा तरटासारख्या उसवलेल्या, अक्षरांचे डाग झालेले, आणि खालची साले तर कोणालाच वाचता येईनात. हेही एक वेळ चालले असते. परंतु महागाईची रेघ एके ठिकाणी कड्यावरून दगड सुटावा तशी खाली आलेली सर्वांना दिसली. मागच्या रांगेतून एकाने विचारले, "म्हणजे महागाई उतरली म्हणायची का?" सभा हसली. आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. दुपारी बोलणीच्या टेबलावर समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "हे आकडे कुठले?" तेथेही आम्ही गप्प बसलो. चूक सर्वस्वी आमची होती. न तपासलेले चित्र आम्ही आमच्या माणसांच्या डोक्यावर टांगले होते.

त्या कड्याचे रहस्य पुढे उलगडले. कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक सरकारच्या श्रम ब्युरोकडून निघतो. त्याचे पायाभूत वर्ष मधून मधून बदलते. १९६०, १९८२, २००१ आणि आता २०१६ अशी ती वर्षे आहेत. ऑगस्ट २०२० चा जुन्या पायावरचा आकडा ३३८ होता. सप्टेंबर २०२० पासून नवा पाया आला आणि त्यावरचा आकडा निघाला ११८.१. जुन्याशी जोडताना नव्या आकड्याला २.८८ ने गुणावे लागते. ११८.१ गुणिले २.८८ म्हणजे ३४० च्या किंचित वर. म्हणजे महागाई उतरली तर नव्हतीच, उलट महिन्याभरात दोन अंकांनी चढली होती. आलेख करणाऱ्याने गुणाकार न करता दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, आणि रेघ कोसळली. हे आम्हाला त्या चित्रातून कळायला हवे होते. परंतु चित्राच्या पोटात आकडा उरलाच नव्हता. होते ते नुसते ठिपके.

आमची पुतणी त्या वेळी विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही फोटो मोठा केलात. रेघ मोठी करायला हवी होती." या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी आम्हाला पुढे बरेच वाचावे लागले, आणि त्या वाचनाचा सारांश म्हणजे आजचे हे व्याख्यान.

पंधरा ते आठ ठिपके

संगणकात चित्र ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अशी. कागदावर बारीक चौकड्यांची जाळी आहे असे समजावे, आणि प्रत्येक चौकडीत कोणता रंग आहे एवढेच लिहून ठेवावे. फोनने काढलेला फोटो असाच असतो. तो मोठा केला की चौकड्याच मोठ्या होतात, नवे काही दिसू लागत नाही. फ्लेक्सवाला ज्याला 'फाटणे' म्हणतो ते हेच. दुसरी रीत अशी की, रंग कोठे पडला ते न लिहिता, हात कसा फिरला ते लिहावे. या जागी पेन टेकव, तेथपर्यंत सरळ रेघ ओढ, तेथून असे वळण घे. हे लिहिलेले असले म्हणजे चित्र टपाल तिकिटाएवढे काढा की इमारतीच्या भिंतीएवढे काढा, रेघ रेघच राहते. संगणक प्रत्येक वेळी ती नव्याने ओढतो.

ही दुसरी रीत आपल्या आयाबहिणींना पूर्वापार ठाऊक आहे. एखादीने शेजारणीला रांगोळी विचारली तर शेजारीण चित्र दाखवीत नाही. ती म्हणते, "पंधरा ते आठ ठिपके, मधल्या सहांचे कमळ कर." एवढ्यावर ती रांगोळी गावभर जाते. उंबऱ्याशी वीतभर निघते, तीच देवळाच्या पटांगणात बैलगाडीएवढी निघते, आणि दोन्हींचे कमळ सारखेच. रांगोळीची आठवण ठिपक्यांची संख्या आणि जोडण्याची रीत यांत असते, सांडलेल्या पिठात नसते. आणि ज्या बाईला रीत ठाऊक आहे तिला दुसरीच्या रांगोळीतली चूक चटकन दिसते. हा शेवटचा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण आमचे सगळे प्रतिपादन त्यावर उभे आहे.

मळवलीचे दगड

आता थोडे आपल्याच भागाकडे वळू. मळवली स्टेशनावर उतरले की एका अंगाला भाज्याची लेणी आणि दुसऱ्या अंगाला कार्ल्याची. एकवीरेला जाणारी मंडळी ही वाट पिढ्यान् पिढ्या तुडवीत आली आहेत. परंतु याच मळवलीत एके काळी देशभरातल्या देव्हाऱ्यांचे देव छापले जात होते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेगाची साथ आली, आणि शतक संपता संपता तो छापखाना मळवलीस आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला, आणि १९७२ साली आगीत नष्ट झाला. ज्यांनी पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला त्या दादासाहेब फाळके यांनीही तरुणपणी या छापखान्यासाठी काम केले होते.

शिळाछाप ही कला म्युनिक येथील आलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधली. तेल आणि पाणी एकत्र होत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढावयाचे आणि दगड ओला करावयाचा. मग छापाची शाई चित्रावर तेवढी बसते, ओल्या जागी बसत नाही. रंगीत चित्राला एक दगड पुरत नाही. प्रत्येक रंगाला निराळा दगड लागतो, आणि हे सर्व दगड एकमेकांवर तंतोतंत जुळावे म्हणून आधी मूळ चित्राची नुसती बाह्यरेषा काढून घेतात. ती रेषा प्रत्येक दगडावर उतरवतात. मग कारागीर गालावरची लाली, साडीची घडी, पाण्यावरची चमक ही सर्व बारीक बारीक ठिपके देऊन भरतात. फिकट हवे तेथे ठिपके विरळ द्यावयाचे, गडद हवे तेथे दाट.

आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीचे असेच एक जुने चित्र होते. लहानपणी आम्ही ते भिंग लावून पाहिले तेव्हा देवीचा चेहरा नाहीसा झाला आणि नुसता रंगीत ठिपक्यांचा पाऊस दिसला. आजीने पाठीत धपाटा घातला, तो वेगळा. परंतु आज वाटते की, रेघ आणि ठिपका यांचा संबंध त्या दिवशी आमच्या डोळ्यांनी पाहिला होता. रेघ जुळणी सांभाळते, ठिपका छटा देतो. ज्याला छटा हव्यात, म्हणजे चेहरा, आकाश, पाणी, त्याला ठिपक्यावाचून गती नाही. ज्याला माप हवे, म्हणजे नकाशा, यंत्राचा आराखडा, भावाचा आलेख, त्याने रेघ सांभाळली पाहिजे. फाटकावर आमचे जे झाले ते एवढेच की, मापाची वस्तू आम्ही छटेच्या रीतीने ठेवली होती.

आणखी एक गोष्ट मनात येते. मळवलीच्या चित्रांखाली चित्रकाराचे नाव येई, छापखान्याचे नाव येई. लाखो ठिपके ज्यांनी दिले त्यांची नावे चित्रावर आली नाहीत. हा विषय आम्ही शेवटी पुन्हा घेऊ.

पगाराची पहिली रेघ

आकड्यांची रेघ काढावी ही कल्पना फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. वाफेच्या यंत्राचा जेम्स वॉट याच्याकडे तो आराखडे काढण्याच्या कामावर होता. त्याने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेघांनी आणि पट्ट्यांनी दाखवणारे पुस्तक काढले. यंत्राचा आराखडा काढणाऱ्या हातानेच व्यापाराचा आराखडा काढला, ही गोष्ट आम्हा कारखान्यातल्या मंडळींना सुखावणारी आहे.

१८२१ मध्ये याच प्लेफेअरने आणखी एक आलेख काढला. त्यात अडीचशे वर्षांतले गव्हाचे भाव पट्ट्यांनी दाखवले, आणि त्याच कागदावर चांगल्या कारागिराचा आठवड्याचा पगार रेघेने दाखवला. भाव आणि मजुरी एका कागदावर! आम्ही दोनशे वर्षांनी फाटकावर टांगला तो याच आलेखाचा नातू म्हणावा लागेल. मात्र प्लेफेअरची रेघ तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली होती. कोरणाऱ्याने ती एकदाच काढली, आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीत ती तशीच तीक्ष्ण उतरली.

आपल्याकडे मुंबई सरकारने १९२१ साली श्रम कार्यालय काढले, आणि त्याच वर्षी त्याचे 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू झाले. मुंबईच्या कामगारांचा राहणी खर्चाचा निर्देशांक त्यात येऊ लागला. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरून पुढचे महिने मोजत. पुढे तोही पाया बदलून १९३३-३४ चा झाला. सांगावयाचा मुद्दा हा की, पाया बदलणे ही काही २०२० सालची नवलाई नाही. गेली शंभर वर्षे ते होत आले आहे. बदलाची किल्ली म्हणजे जोडणीचा गुणक. १९६० वरून १९८२ वर येताना ४.९३, १९८२ वरून २००१ वर येताना ४.६३, आणि २००१ वरून २०१६ वर येताना २.८८. हे तीन आकडे एकमेकांशी गुणले तर पासष्टाहून थोडे अधिक होतात. म्हणजे सप्टेंबर २०२० चा तो गरीब दिसणारा ११८.१ हा आकडा १९६० च्या पायावर सात हजार सातशेच्या पुढे जातो. ज्या कामगाराजवळ हे गुणक आहेत त्याला कोणी फसवू शकत नाही, आणि तो स्वतःलाही फसवीत नाही.

यंत्राने ओढलेली रेघ

यंत्राने आकड्यांवरून रेघ ओढावी, याची आपल्या राज्यातील सुरुवातही पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक बांधला गेला. १९६० मध्ये तो चालू झाला, आणि १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. या संगणकाला आलेख व अक्षरे दाखवणारा एक काचनळीचा पडदाही होता. अमेरिकेत १९५९ साली संगणकाच्या हुकमाने कागदावर पेन फिरवणारे यंत्र बाजारात आले. १९६३ साली आयव्हन सदरलंड याने पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघा काढून त्या संगणकाला समजावून देण्याची युक्ती दाखवली. या आरंभीच्या यंत्रांना ठिपक्यांची जाळी परवडत नव्हती, कारण एवढे ठिपके लक्षात ठेवण्याइतकी जागाच त्यांच्याजवळ नव्हती. गरिबीमुळे त्यांनी रेघेची रीत धरली, आणि ती रीत शहाणपणाची निघाली!

सरळ रेघ सोपी आहे. वळण अवघड. वळणाचा प्रश्न सोडवला तो मोटारगाड्यांच्या कारखान्यांनी. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने १९५९ मध्ये, आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए याने त्याच्या पाठोपाठ, गाडीच्या पत्र्याचे वळण थोड्या बिंदूंनी बिनचूक सांगण्याचे गणित बसवले. दोन टोके आणि मध्ये ओढ देणारे दोन बिंदू, एवढ्यावर एक डौलदार वळण उभे राहते. आमच्या चाकणच्या बाजूला गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या पोरांना हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. आज संगणकावर दिसणारे प्रत्येक मराठी अक्षर, 'क'चा पोट आणि 'श'ची गाठ, याच वळणांनी बांधलेले असते.

१९८४ मध्ये अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा आणली. तीत संपूर्ण पान रेघांच्या हुकमांनी लिहिता येई. छपाईच्या जगात तिने क्रांती केली. परंतु छापखान्याबाहेर, इंटरनेटच्या पानावर रेघेची चित्रे कशी दाखवावी हा प्रश्न राहिलाच होता.

सर्वांचा करार

येथे मौज अशी झाली की १९९८ साली दोन बड्या गटांनी दोन निरनिराळे प्रस्ताव मांडले. एकाच्या अग्रभागी अडोबी होती, दुसऱ्याच्या अग्रभागी मायक्रोसॉफ्ट. इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने दोघांपैकी एकालाही डोक्यावर घेतले नाही. तिने सर्वांना एका टेबलाशी बसवले आणि तिसराच समाईक संकेत लिहवून घेतला. ४ सप्टेंबर २००१ रोजी तो पक्का झाला. त्याचे नाव एसव्हीजी, म्हणजे हवे त्या मापात लहान-मोठी करता येणारी रेखाचित्रे. आम्ही अनेक करार पाहिले आहेत. सर्व पक्षांना बांधणारा आणि कोणा एका मालकाच्या खिशात नसलेला करार किती दुर्मीळ असतो, हे आम्हाला विचारावे.

कराराची अंमलबजावणी रेंगाळली. फायरफॉक्स या ब्राउझरने २००५ मध्ये ही चित्रे दाखवण्यास आरंभ केला, तर मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला त्यासाठी २०११ साल उजाडले. मधल्या काळात एका कंपनीच्या मालकीचे फ्लॅश सर्वत्र चाले. २०२० च्या अखेरीस कंपनीने ते बंद केले, आणि त्यात काढलेली असंख्य चित्रे मुकी झाली. समाईक करारातली चित्रे मात्र आजही उघडतात.

एसव्हीजी फाइल साध्या मजकुराची असते. ती उघडून वाचता येते. 'एम' हे अक्षर आले की पेन उचलून पुढच्या दोन आकड्यांच्या जागी ठेवावयाचे. 'एल' आले की तेथपर्यंत सरळ रेघ. 'सी' आले की वळण. आकडे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे आणि खाली मोजतात. त्यामुळे रेघ वर चढली की दुसरा आकडा लहान होतो, एवढे ध्यानात ठेवावे. हे आकडे कागदावरच्या जागेचे असतात, रुपयांचे नसतात. परंतु शेजारच्या अक्षावर शंभर कोठे आणि दोनशे कोठे हेही त्याच फाइलीत असते. मग शाळेतले त्रैराशिक मांडले की मूळ आकडा हाती येतो. फोनवर आलेल्या त्या आलेखाची अशी फाइल आमच्याजवळ असती, तर तो कडा सभेपूर्वीच सापडला असता.

आलेख काढण्याची साधनेही आता कोणाच्या मेहेरबानीची राहिलेली नाहीत. पायथन भाषेतले मॅटप्लॉटलिब हे साधन जॉन हंटर या मज्जाशास्त्राच्या संशोधकाने २००३ मध्ये लोकांपुढे ठेवले. अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूतील विजेच्या नोंदी पाहावयास त्याला ते हवे होते. २०१२ मध्ये तो वारला, साधन सर्वांचे झाले. त्यात आलेख तयार झाल्यावर फाइलीच्या नावाच्या शेवटी एसव्हीजी ही अक्षरे लिहिली की पुरे, रेघा रेघांच्याच रूपात बाहेर येतात. 'आर' आणि 'ग्नूप्लॉट' या साधनांतही तशीच सोय आहे. आमच्या मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाचे धडे मराठीतही ऐकावयास मिळतात. आमच्यासारख्या इंग्रजी अडखळत वाचणाऱ्याला त्यांचा मोठा आधार झाला.

अर्थात सर्व सुरळीत झाले असे नव्हे. आमच्या पहिल्या आलेखात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, कारण साधनाच्या ठरावीक वळणात देवनागरी नव्हती. देवनागरी वळण दिले तर 'निर्देशांक' या शब्दातली वेलांटी 'न'च्या मागे जाऊन बसली आणि रफार निराधार लोंबू लागला. पुतणीने युक्ती काढली. अक्षरांचे आकार करून बाहेर काढण्याऐवजी अक्षरे अक्षरेच ठेवून बाहेर काढावी, असा एक पर्याय त्या साधनात आहे. मग जोडणी ब्राउझर करतो, आणि त्याला मराठी नीट येते. परंतु फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर तेच वळण नसले तर पुन्हा घोटाळा. म्हणून इंकस्केप या मोफत साधनात फाइल उघडून, अक्षरे नीट जुळल्याची खात्री करून, मग त्यांचे आकार करावे आणि फ्लेक्सवाल्याला पीडीएफ द्यावी. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. फोटोला एसव्हीजीच्या पाकिटात घातले म्हणून त्याच्या रेघा होत नाहीत. पाकीट उघडले की आत ठिपकेच निघतात. आणि ज्या आलेखात लाखो बिंदू आहेत तेथे एकेका बिंदूचा हुकूम लिहीत बसले तर फाइल एवढी फुगते की उघडता उघडत नाही. अशा वेळी बिंदूंचा ढीग ठिपक्यांच्या रीतीने आणि अक्ष व अक्षरे रेघेच्या रीतीने ठेवावी. मळवलीच्या कारागिरांनी शेवटी हेच केले होते.

सामी सुतार

आता शेवटाकडे येतो. कार्ल्याच्या चैत्यात आपण सर्वजण जाऊन आलेले आहात. सव्वाशे फूट लांबीची ती दगडातली सभा, आणि वर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी. तेथे दगडात कोरलेल्या लेखांत दाते आहेत, व्यापारी आहेत. त्यांच्याबरोबर एक सुतारही आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी. दर्शनी भागाचे काम आपण केले, असे त्याच्या नावाने लिहिलेले आहे. दगडावर काम करणारा सुतार! लाकडाची रीत दगडात उतरवायला दुसरा कोण मिळणार?

त्या लेखाची प्रत्येक रेघ छिन्नीच्या घावाची आहे. कागद दाबून तिचा ठसा घेता येतो, तो छापता येतो, आणि कोणी चुकीचे वाचले असेल तर दुसऱ्याला मूळ रेघेपाशी जाऊन भांडता येते. मळवलीच्या ठिपके देणाऱ्यांची नावे गेली. सामीचे राहिले, कारण कोणीतरी ते कामाच्या शेजारी कोरले. एसव्हीजी फाइलीत अशी एक जागा ठेवलेली आहे. तीत चित्राचे शीर्षक, वर्णन, कोणी केले, आकडे कोठून घेतले, हे लिहिता येते. ते चित्रावर दिसत नाही, पण चित्राबरोबर जाते. आंधळ्या मनुष्याला संगणक ते वाचूनही दाखवू शकतो. आमच्या आलेखात आम्ही तेथे लिहिले: श्रम ब्युरोचा निर्देशांक, पाया २०१६, जोडणी २.८८. आणि खाली पुतणीचे नाव.

पुढच्या फाटकसभेला नवा फ्लेक्स टांगला. मागच्या रांगेतला तोच मनुष्य पुढे आला, सप्टेंबर २०२० वर बोट ठेवले आणि "तीनशे चाळीस" असे मोठ्याने वाचले. दुपारी टेबलावर आम्ही फाइलच पुढे केली. समोरच्या अधिकाऱ्यांनी ती उघडली, दोन आकडे ताडून पाहिले, आणि बोलणी पुढच्या मुद्द्यावर गेली. भत्त्याचा प्रश्न त्या एका आलेखाने सुटला नाही. तो पुढे आठ महिने चालला, आणि आम्हाला मागितले त्याहून कमीच मिळाले. परंतु आकडे कुठले, हा प्रश्न त्या टेबलावर पुन्हा निघाला नाही.

आपल्यापैकी कोणी शाळेत शिकवीत असतील, कोणी पतपेढीचा अहवाल काढीत असतील, कोणी पावसाची किंवा दुधाच्या भावाची नोंद ठेवीत असतील. आलेख काढाल तेव्हा त्याचा फोटो वाटू नका. त्याची रेघ वाटा, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला ती मोजून पाहता येईल.